फोडणीचं तेल कुणाचं? डबासेवेतल्या एका घोळाचं प्रकरण

हे प्रकरण मिरजेकडच्या एका चर्चच्या मंडळीतलं. नावं काढून टाकलीत, बदलून पण घातली नाहीत, कारण आमच्याकडं कुठलंही नाव लिहिलं तरी त्या नावाचा एक माणूस मागच्या बाकावर बसलेला असतोच. त्यामुळं काका, मावशी, पाळकसाहेब (म्हणजे पास्टर) एवढंच. आणि मी, म्हणजे त्यावेळचा खजिनदार. घोळात माझा पण हात आहे, तो मधे येईलच.

सुरुवात कशी झाली

ऑगस्ट २०१९ चा पूर सांगलीकरांना सांगायला नको. आयर्विन पुलाला ४५ फूट म्हणजे धोका, आणि त्यावेळी पाणी ५७ फुटाच्या वर गेलं होतं. सांगलीच्या बाजूची बरीच माणसं मिरजेत आली, कुणी पाहुण्यांकडं, कुणी शाळेत, काही कुटुंबं आमच्या चर्चच्या हॉलमध्ये. तेव्हा सगळ्यात आधी स्कूटरवर तांदळाचं पोतं घालून आलेले ते काका. रेल्वेतून रिटायर झालेले, आवाज मोठा, कामाला वाघ. आणि स्वयंपाकाला उभी राहिली ती मावशी. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, चार घरच्या पोळ्या-भाकरीची कामं धरलेली. आठ-नऊ दिवस ती हॉलमध्येच होती म्हटलं तरी चालेल.

पूर ओसरला, लोक गेले, आणि दोन पोती तांदूळ नि थोडी तूरडाळ उरली. आता ती परत कुणाला द्यायची? तेव्हा मावशी म्हणाली, दवाखान्याबाहेर माणसं उपाशी बसत्यात की, त्यांना घालूया.

बाहेरच्यांसाठी सांगतो, मिरज म्हणजे दवाखान्यांचं गाव. १८९४ साली डॉ. वॉन्लेस यांनी इथं मिशनचं हॉस्पिटल सुरू केलं, तेव्हापासून हे चालू आहे. आज पण अथणी, चिकोडी, विजापूरकडनं पेशंट येतात. पेशंटची सोय आत होते पण सोबतचा माणूस बाहेर, पायरीवर नाहीतर झाडाखाली, अंगाखाली चादर आणि उशाला रिपोर्टची पिशवी. त्या माणसाचं जेवण कुणाच्याच हिशोबात नसतं.

तर सोमवार, बुधवार, शुक्रवार असे तीन दिवस ठरले. सकाळी हॉलमध्ये पातळ खिचडी शिजवायची आणि अकराच्या आत एका मोठ्या दवाखान्याबाहेर न्यायची. शिजवायची मावशी, न्यायचे काका. मावशीला कानडी येत नाही, काकांना येतं, पण ती कधी सोबत गेली तर 'ऊटा, ऊटा' (जेवण, जेवण) एवढ्यावर सगळं निभावून न्यायची. लॉकडाऊनमध्ये हे बंद पडलं आणि ऑक्टोबर २०२१ ला परत चालू झालं. पन्नास-साठ माणसं व्हायची. तांदूळ, डाळ आणि गॅस मंडळीच्या अर्पणातून, बाकी सगळं निःस्वार्थ. हा शब्द आम्ही फार वापरायचो. रिपोर्टात, प्रार्थनेत, ग्रुपवर, सगळीकडं.

घोळ

घोळ एकदम झाला नाही, हळूहळू साचत गेला.

पहिलं म्हणजे किल्ली. सामानाच्या कपाटाची एकच किल्ली, ती काकांच्या कंबरेला. काका आले नाहीत तर कपाट उघडत नाही, म्हणजे त्या दिवशी डबा नाही. तरुण संघातली तीन-चार पोरं मदतीला आली होती, त्यांना काकांनी दोन आठवड्यात पळवलं. 'वाढायचं मी बघतो, तुम्ही गाडी धरा.' पोरं गाडी धरायला किती दिवस येणार? रांगेत कुणी पुढं घुसलं की काका तिथंच ओरडायचे, आणि त्या बिचाऱ्याची बायको आत आयसीयूत असायची. काका एक रुपया घेत नव्हते हे शंभर टक्के खरं. पेट्रोल पण स्वतःचं. त्यामुळं त्यांना बोलणार कोण? फुकट काम करणाऱ्याला बोलायचं म्हणजे आपल्यालाच पाप लागल्यासारखं वाटतं.

दुसरं फोटो. हे माझ्याकडं लागतं. मी दर वेळी फोटो काढून ग्रुपवर टाकायचो, खाली बायबलचं वचन लिहायचो, मग सत्तर-ऐंशी 'आमेन' यायचे. मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू. एकदा विजापूरकडचे एक म्हातारे आजोबा प्लेट घेत होते, मी मोबाईल वर केला आणि त्यांनी प्लेट न सोडता दुसऱ्या हातानं खांद्यावरचा टॉवेल तोंडावर ओढून घेतला. तो फोटो पण मी टाकला. त्याला पण आमेन आले.

तिसरं, एक बांधकामवाले. आमच्याच मंडळीतल्या एकाचे पाहुणे. महापालिकेची निवडणूक आज ना उद्या लागेल म्हणून वॉर्डात हिंडत होते. ते म्हणाले एक्कावन्न हजार देतो, फक्त वाढायच्या जागी एक बॅनर, सौजन्य म्हणून, आणि महिन्यातनं एकदा मी स्वतः येऊन वाढणार. एक्कावन्न हजारात आमचं वर्षाचं तांदूळ-डाळ निघत होतं. कमिटीतले निम्मे लगेच तयार.

आणि चौथं, मावशी. मे २०२२ च्या मिटिंगमध्ये ती दाराशी येऊन उभी राहिली. बस म्हटलं तरी बसली नाही. म्हणाली, महिन्याला पंधराशे मिळाले तर बरं होईल. खोलीत शांतता. मग काका बोलले, 'मी आजवर पेट्रोलचं पण घेतलं नाही, देवाच्या कामाचा पगार मागायचा म्हणजे कमाल झाली.' कुणीतरी बायबलमधल्या गेहजीचं नाव काढलं, अलीशा संदेष्ट्याचा चाकर, नामान सेनापतीच्या मागं पळत जाऊन चांदी नि कपडे घेऊन आला आणि त्याला कोड लागलं तो. मावशीच्या तोंडावर. मी मान हलवली. बोललो काही नाही, पण मान हलवली, आणि मिनिटबुकात लिहिलं, 'स्वयंपाकाच्या सेवेसाठी पगाराची मागणी. नामंजूर.'

मावशी पुढच्या सोमवारी आली नाही. निरोप पण नाही.

त्या दिवशी महिला मंडळातल्या दोघींनी खिचडी केली. काका घेऊन गेले आणि अर्धी तशीच परत आली. मी चव घेतली तर नुसता भात-डाळ-मीठ, फोडणीच नाही. विचारलं तर त्या म्हणाल्या, कपाटात तेल कुठं आहे? मोहरी पण नाही, हळदीच्या डब्यात चमचाभर. मी काकांना विचारलं. काका म्हणाले, 'तेल तू आणतोस ना?' मला वाटत होतं काका आणतात.

घरी येऊन वही काढली. ऑक्टोबर ते मे, आठ महिने. तांदूळ आहे, डाळ आहे, सिलेंडर आहे, मीठ आहे. तेल एकदा पण नाही. मोहरी, जिरं, आलं, काही नाही. मी दर महिन्याला ते पान बेरीज करून, सही मारून कमिटीपुढं ठेवत होतो. एकदा तरी डोक्यात यायला हवं होतं की पन्नास-साठ माणसांच्या खिचडीला फोडणी कशाची बसतीय. आणि त्या साली तेल काय भावाला गेलं होतं ते घरात विचारा.

काय काय करता येत होतं

पाळकसाहेबांनी जादा मिटिंग लावली. बरीच लांबली, सगळं सांगत बसत नाही.

एक मत असं की बंदच करूया, आजवरची पुण्याई आहे तेवढी बास. हे फार टिकलं नाही. दुसरं, बांधकामवाल्यांना हो म्हणायचं आणि त्याच पैशातनं आचारी ठेवायचा, म्हणजे मावशीचा पण प्रश्न नाही आणि तेलाचा पण. खरं सांगायचं तर मी याच बाजूचा होतो. कागदावर हे सगळ्यात सोपं होतं. बॅनरनं खिचडीची चव बदलते का, असं मी विचारलं सुद्धा. त्यावर पाळकसाहेब म्हणाले, चव नाही बदलत, रांग बदलते. आज तिथं कोणपण उभं राहतंय. उद्या एखाद्याला वाटेल की इथं जेवलो म्हणजे कुणाचं तरी काहीतरी देणं लागलो. मग एकानं विचारलं, बॅनर नको तर निदान आपल्या धर्माच्या पत्रिका तरी डब्यासोबत वाटू. त्याला पण त्यांनी तेच उत्तर दिलं. भुकेल्या माणसाच्या हातात एका बाजूनं प्लेट दिली की दुसऱ्या हातात काहीही दिलं तरी तो घेणारच, तर ते देणं कसलं.

यात आमची सगळ्यांची सवय पण आडवी येत होती. आमच्यात हार्वेस्टला, म्हणजे चर्चच्या सुगीच्या सणाला, लिलाव होतो, एक भोपळा दोन हजाराला जातो तो काय भोपळ्यासाठी जात नाही, माईकवर नाव पुकारतात त्यासाठी जातो. सगळे हसत घेतात आणि पैसे चर्चलाच येतात म्हणून मी काही त्याच्या विरोधात नाही. पण वर्षानुवर्षं हे बघत मोठं झालेल्या माणसाला बॅनरमध्ये गैर काय तेच कळत नाही, ते मला पण कळलं नव्हतं.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो मावशीच्या पंधराशेवर. मंडळीतले एक वडील, म्हणजे एल्डर, म्हणाले, आपल्या साताऱ्यात कवी नारायण वामन टिळकांनी १९१७ साली मिशनचा पगार सोडून स्वतःचा 'देवाचा दरबार' नावाचा संघ काढला, आणि आपण इथं खिचडीला पगार द्यायचा? मुद्दा वजनदार होता, कुणाला पटकन उत्तर सुचेना. पाळकसाहेब म्हणाले, टिळकांनी पगार सोडला तो स्वतःचा. (आणि ती सगळी उधळण निभावताना घरात काय चालायचं ते त्यांच्या बायकोला, लक्ष्मीबाईंना विचारायला पाहिजे, असं मागनं एक ताई हळूच म्हणाल्या. मिनिटात घेतलं नाही.) मग पाळकसाहेबांनी बायबलमधलं करिंथकरांस पहिलं पत्र, नववा अध्याय काढला. प्रेषित पौल तिथं आधी अर्धा अध्याय हेच सांगतोय की सुवार्ता सांगणाऱ्याला त्यावर पोट भरायचा हक्क आहे, मळणीच्या बैलाला मुसकी घालू नये वगैरे. आणि मग म्हणतो, मी मात्र हा हक्क वापरला नाही. हक्क त्याचा, म्हणून सोडायचा पण त्यानंच. आपण मावशीचा हक्क आपल्या मिटिंगमध्ये बसून सोडून दिला, आणि त्याचं पुण्य पण आपल्याच खात्यावर लिहून घेतलं.

गेहजीबद्दल ते एवढंच बोलले की गेहजी गुपचूप मागं पळाला आणि वर धन्याशी खोटं बोलला. ही बाई सगळ्यांसमोर दारात उभी राहून बोलली.

काकांचं काय करायचं यावर दोन सूचना आल्या. काढून टाका, नाहीतर नम्रता शिकायला महिनाभर भांडी घासायला लावा. दुसऱ्या सूचनेवर पाळकसाहेब जरा चिडलेच. म्हणाले, आपली मावशी रोज भांडीच घासते, तिला काय शिक्षा चालू आहे का?

काय केलं

मी आणि पाळकसाहेब मावशीच्या घरी गेलो. संध्याकाळची वेळ, ती कुणाच्यातरी ऑर्डरच्या पोळ्या लाटत होती. पोळपाट तसाच ठेवून उठायला लागली तर साहेबांनी हातानं खूण केली, बसा. पंख्याखाली आम्ही दोघं, आणि ती लाटत लाटत बोलतेय.

मी म्हटलं, 'मावशी, पगाराचं आपण परत मिटिंगमध्ये घेऊ.'

ती थांबली. 'भाऊ, मी पगार कवा मागितला? खाडा भरून मागितला.'

म्हणजे काय ते तिनं सांगितलं. सोम-बुध-शुक्र सकाळी ती हॉलवर असायची म्हणून दोन घरची पोळ्यांची कामं त्या दिवशी व्हायची नाहीत. एका घरानं खाडे कापले, दुसऱ्यानं कामच बंद केलं. महिन्याला अडीच हजाराच्या आसपास कमी झाले होते. तिनं पंधराशे मागितले. बाकीचं सोडून दिलं होतं.

'आणि तेल?' साहेबांनी विचारलं.

'ते व्हय. पैल्या दिवशी कपाटात नव्हतं तर घरनं नेलं. मग नेतच ऱ्हायले.' आणि लगेच विषय बदलला, चहा टाकते म्हणाली.

मला तिथं फार अवघड झालं. मिनिटबुकात 'पगाराची मागणी' हे शब्द माझे होते. ती बोललेली तसं मी लिहिलंच नव्हतं, मला जे ऐकू आलं ते लिहिलं होतं.

पुढच्या मिटिंगमध्ये ती नोंद मी खोडली नाही, खाली नवीन लिहिली, तारीख घालून, की आधीची नोंद चुकीची आहे आणि मागणी बुडालेल्या मजुरीची होती. मावशीला महिना अठराशे ठरले, अर्पणातून, वहीत उघड. आठ महिन्यांच्या तेलाचे पैसे देऊ केले ते तिनं घेतले नाहीत, दोनदा सांगून बघितलं. मग तेल-मसाल्याचं वेगळं पान केलं.

पैसे आणि सामान एकाच माणसाकडं ठेवायचं नाही हे पण ठरलं. पौल यरुशलेमसाठी वर्गणी नेत होता तेव्हा त्यानं सोबत मंडळ्यांनी निवडलेली माणसं घेतली होती, कुणाला बोट दाखवायला जागा नको म्हणून. करिंथकरांस दुसरं पत्र, आठवा अध्याय. पौलाला जर साक्षीदार लागले तर आम्ही कोण. किल्लीच्या तीन डुप्लिकेट काढल्या, मार्केटमधल्या किल्लीवाल्यानं दहा मिनिटात करून दिल्या. महिला मंडळ, तरुण संघ आणि मी.

फोटो बंद. म्हणजे भांड्यांचा, पोत्यांचा काढा, माणसांचा नाही. जुने मी ग्रुपवरनं काढायला बघितले पण इतके जुने निघत नाहीत.

बांधकामवाल्यांकडं पाळकसाहेब स्वतः गेले. सांगितलं, रविवारी थैली फिरते, तुमचं मन असेल ते त्यात टाका, नाव लागणार नाही. ते हसले, पुढच्या रविवारी आले, थैलीत काहीतरी टाकलं आणि नंतर दिसले नाहीत.

पुढं काय झालं

एक्कावन्न हजार गेले ते गेलेच. मावशीचे अठराशे आणि तेलाचा खर्च वाढला, त्यामुळं बुधवार बंद करावा लागला, तब्बल चार महिने. त्या बुधवारी लोक ठरल्या वेळी येऊन गेटपाशी थांबायचे असं पलीकडच्या चहावाल्यानं सांगितलं. हे मी मुद्दाम लिहितोय, कारण असली प्रकरणं सांगताना बरोबर निर्णय घेतला की वरनं लगेच आशीर्वाद पडला असं सांगायची पद्धत आहे. आमच्याकडं काही पडलं नाही. चार महिन्यांनी मंडळीतल्या दोन बचत गटांनी तांदळाचं उचललं तेव्हा बुधवार परत सुरू झाला.

तरुण संघातली पोरं परत आली. त्यातला एक रांगेतल्या लोकांना आधी खाली बसवतो आणि जाग्यावर जाऊन वाढतो, त्यामुळं घुसाघुशीच संपली. इतकं साधं होतं.

मावशी येते. फोडणी देते तेव्हा हॉलच्या दारापर्यंत वास येतो. तेलाचं पान आता दर महिन्याला भरतं. आल्याची नोंद मात्र अजून लागत नाही, ती घरनं आणते, कितीचं विचारलं तर 'असू द्या की' म्हणते. मी वहीत ती ओळ रिकामी ठेवतो.

काका पाच रविवार आले नाहीत. मग आले, मागं बसले. आता फक्त शुक्रवारी येतात, गाडीवरनं पातेलं उतरवून देतात आणि बाजूला उभे राहतात. कुणी नवीन दिसलं की 'हे मी सुरू केलेलं' हे सांगतातच. ते खरं पण आहे.

आता वाटतं ते

नियम बहुतेक बरोबर केले, क्रम चुकला. किल्लीच्या डुप्लिकेट आधी झाल्या आणि काकांशी बोलणं नंतर, ते पण मिटिंगमध्ये, सगळ्यांसमोर. त्यांनी कंबरेची किल्ली काढून टेबलावर ठेवली, आवाज झाला, आणि कुणी 'असू दे काका, तुमची तुमच्याकडं ठेवा' असं म्हणालं नाही. तसं म्हणायला काय लागत होतं? तीन डुप्लिकेट होत्याच की.

मावशीकडं आम्ही दोघं चालत घरी गेलो. काकांकडं कुणी गेलं नाही. ते रिटायर झाले त्याच वर्षी काकू गेल्या, मुलगा पुण्यात. पेन्शन येते, पैशाची गरज नाही, म्हणून आम्हाला वाटत होतं की हा माणूस काहीच घेत नाही. घेत होते. तिथं सकाळी पन्नास माणसं त्यांची वाट बघत असायची, ती त्यांची कमाई होती, आणि मला माझे सत्तर आमेन होते. माझे मी गुपचूप सोडले, कुणाला कळलं पण नाही. त्यांचं आम्ही सगळ्यांसमोर काढून घेतलं.

आणि दुसरं, मे महिन्यात ती दारात उभी होती तेव्हा एकानं जरी विचारलं असतं, 'पंधराशे कशाचे, मावशी?' तर हे पुढचं काहीच लिहावं लागलं नसतं. विचारायचं काम खजिनदाराचं होतं.

काकांच्या घरी जायचं मी गेल्या नाताळपासनं म्हणतोय. त्यांचं घर माझ्या रोजच्या रस्त्यावर आहे, स्कूटर दाराशी दिसते. अजून गेलेलो नाही.